बोलपट आणि आपल्या मुलांचें वाचन

(शब्बाथ शाळेचे शिक्षक, सुवार्तिक व पालक यांजकरितां अभ्यासपाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : प्रेषितांचीं कृत्यें १७:१०-१२, मत्तय २:१-१२, लूक १५:११-३२.

थेस्सलनीकांत दंगा झाल्यावर पौल व सीला यांस तेथील बंधुजनांनीं रातोरात बिरुया गांवीं पाठविलें. तेथें ते यहूद्यांच्या सभास्थानांत गेले व त्यांनीं उपदेश केला. बिरुयाच्या लोकांनीं तो मोठ्या आवडीनें ऐकला. परंतु ऐकून ते घरीं स्वस्थ बसले नाहींत. पौल सांगतो तें खरोखर तसें आहे काय, हें ते दररोज शास्त्र उघडून पाहूं लागले. उपदेशक कोण, तर प्रत्यक्ष पौल! तरी त्यांनीं पडताळा घेतला, आणि लूक त्यांस दोष न देतां उलट त्यांची वाखाणणी करितो. येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या काळीं शास्त्राच्या प्रती घरोघर नव्हत्या. हातानें लिहिलेले मोठे ग्रंथपट सभास्थानांत ठेवीत. म्हणजे ह्या लोकांस वाचनासाठीं घर सोडून जावें लागे, आणि बहुधा एक वाची व बाकीचे ऐकत.

आज आपल्या मुलांस गोष्ट सांगणारा पौल नाहीं, पडदा आहे. पूर्वीं खेड्यांतील मुलगा बोलपट पाही तो वर्षांतून एकदां, जत्रेंत तंबूचा सिनेमा आला म्हणजे. पुढें दूरदर्शन आलें व एका घरीं सारी आळी बसूं लागली. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें, आणि २०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद झाल्या तेव्हां धडेच मोबाईलवर येऊं लागले. हें यंत्र घरांत आणणार नाहीं असें म्हणणाऱ्या बापासही शेळी विकून तें आणावें लागलें. शाळा उघडल्या, मोबाईल घरांतच राहिला. अशा स्थितींत "बोलपट पाहूं नका" एवढाच उपदेश करणारे वाऱ्याशीं बोलत आहेत, असें मला वाटतें. मूल मान डोलवितें आणि गोधडींत शिरून पाहतें. शिवाय सरसकट निषेध न्यायाचाही नाहीं. ज्या पडद्यावर बीभत्स नाच दिसतो, त्याच पडद्यावर आपल्या मंडळ्यांनीं गांवोगांव प्रभूचें चरित्र दाखविलें आहे.

आधीं एक खोटा आरोप दूर करूं. मुलांस वाचतां येत नाहीं याचें सारें खापर बोलपटावर फोडण्याची रीत पडली आहे. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' ह्या पाहणींत खेड्यांतील घरोघर जाऊन मुलांस दुसऱ्या इयत्तेचा उतारा वाचावयास देतात. साऱ्या देशांतील खेड्यांचा हिशेब पाहतां, २०१८ सालीं पांचवीच्या शंभर मुलांपैकीं सुमारें ५० मुलांस तो वाचतां आला, २०२२ सालीं सुमारें ४३ मुलांस, आणि २०२४ सालीं सुमारें ४९ मुलांस. मधली घसरण शाळा बंद राहिल्याच्या काळानंतरची आहे. परंतु त्याआधींही निम्मीं मुलें मागेंच होतीं. तेव्हां सारा दोष पडद्याचा म्हणतां येत नाहीं. तथापि त्याच २०२४ च्या पाहणींत, १४ ते १६ वर्षांच्या ज्या मुलांस मोबाईल चालवितां येत होता, त्यांपैकीं शेंकडा ५७ मुलांनीं मागील आठवड्यांत तो अभ्यासासाठीं वापरला होता, आणि शेंकडा ७६ मुलांनीं समाजमाध्यमांसाठीं. संध्याकाळचे तास कोठें जातात, हें त्यावरून समजावें.

पडदा व पुस्तक यांची काम करण्याची रीतच निराळी आहे. बोलपटांत एका सेकंदाला २४ चित्रें डोळ्यांपुढून सरकतात. पाहणाऱ्यास समजलें असो वा नसो, चित्र पुढें जातेंच. रडावें कोठें आणि भ्यावें कोठें, हें वाद्यें सांगतात. नायकाचा चेहरा, विहिरीचा काठ, आईचा आवाज, सारें तयार मिळतें. पुस्तकांत यांपैकीं कांहींच नाहीं. काळ्या अक्षरांवरून विहीर आपणच खणावयाची व पाणीही आपणच भरावयाचें. ज्याला सरळ वाचतां येतें त्यास ह्या श्रमांतच गोडी वाटते. तो वाटेल तेथें थांबतो, मागें जातो, एकच ओळ तीनदां वाचतो. परंतु जें मूल अक्षरास अक्षर जोडीत, बोट ठेवून, अडखळत वाचतें, त्याची सारी शक्ति जोडाक्षरें सोडविण्यांतच खर्च होते. वाक्याच्या शेवटास पोहोंचेपर्यंत त्यास आरंभाचा विसर पडतो, व मनांत चित्र म्हणून उभें राहत नाहीं. अशा मुलास तीच कथा पडद्यावर दोन मिनिटांत हंसतखेळत मिळाली, तर तें पुस्तकाकडे कशाला वळेल? आपण त्यास आळशी म्हणतों. मला तें उपाशी वाटतें. जेथें अन्न लवकर मिळालें तेथें तें गेलें आहे.

म्हणून माझें मत असें आहे कीं, बोलपटाचा अपाय सर्व मुलांस सारखा होत नाहीं. चांगलें वाचणारें मूल बोलपट पाहूनही पुस्तकाकडे परत येतें. अडखळणारें मूल परत येत नाहीं, आणि न आल्यामुळें अधिकच अडखळूं लागतें. शिक्षकानें रागें भरण्यापूर्वीं हें मूल कोणत्या प्रकारचें आहे तें पाहावें.

ह्याच पडद्यानें वाचनास हात दिल्याचेंही उदाहरण आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेंतील प्राध्यापक ब्रिज कोठारी यांस १९९६ च्या सुमारास असें सुचलें कीं, दूरदर्शनवर चित्रपटांतील गाणीं लागतात तेव्हां गाण्याचे शब्द त्याच भाषेंत खालीं लिहून दाखवावे. १९९९ सालीं गुजरातेंत गुजराती गाण्यांच्या कार्यक्रमांत हें सुरू झालें. पुढें 'चित्रहार' व 'रंगोली' ह्या हिंदी कार्यक्रमांतही झालें. गाणें तोंडपाठ, सूर ओळखीचा, आणि शब्द उच्चारला जाईल तसतसा अक्षरांचा रंग बदलत जातो. ज्यांस थोडेंबहुत वाचतां येत होतें अशांचें वाचन, समोर शिक्षक नसतां व आपण शिकत आहों हें ध्यानींमनीं नसतां, सुधारत गेलें असें पाहणीअंतीं आढळून आलें.

मंडळीच्या लोकांस ह्याचें फारसें नवल वाटूं नये. शाळेचें तोंडही न पाहिलेल्या कित्येक आज्या 'उपासना संगीत' हातीं धरून, पाठ असलेल्या गीतावर बोट फिरवीत फिरवीत अक्षरें ओळखूं लागल्या. तेव्हां गीत चाललें असतां लहान मुलांचे हात रिकामे ठेवूं नयेत. मुलाला अजून वाचतां येत नसलें तरी गीताचें पान काढून त्याच्या हातीं द्यावें. आणि घरीं मोबाईलवर बोलपट लावावयाचाच, तर खालीं मराठी अक्षरें येतील असा मिळतो काय तें पाहावें.

दुसरें उदाहरण नाशिक जिल्ह्यांतील एका गृहस्थाचें. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनीं १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला. ज्यांनीं आपल्या देशांतील चित्रपटाच्या धंद्याचा पाया घातला, त्यांस त्याची स्फूर्ति प्रभूचें चरित्र पडद्यावर पाहून झाली, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत फारशी कोणास ठाऊक नसते. ख्रिस्ताचें चित्र पाहतांना आपल्या मनापुढें राम व कृष्ण उभे राहिले, असें त्यांनीं पुढें स्वतः लिहिलें आहे. तो भाग असो. खेळ संपल्यावर त्यांनीं काय केलें, तें आपणांस पाहावयाचें आहे. त्यांनीं तें चित्र पुन्हां जाऊन पाहिलें व पत्नी सरस्वतीबाई यांसही नेलें. मग त्यांनीं ह्या कलेवरील इंग्रजी पुस्तक मिळवून वाचलें, यंत्रांचीं सूचिपत्रें मागविलीं, १९१२ सालीं लंडनास जाऊन माहिती व यंत्र आणलें, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. ख्रिस्तचरित्राच्या त्या खेळास इतरही पुष्कळ माणसें बसलीं असतील. पाहणें सर्वांचें सारखेंच होतें. पाहून झाल्यावर एकानें पुस्तक शोधलें.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकास सर्वांत जपावें लागतें तें प्रभूच्या चरित्राच्या बोलपटांविषयीं. कारण तेथें मुलांस वाटतें कीं, पाहिलें तेंच शास्त्र. १९७८ सालचा तेलुगू 'करुणामयुडू' हिंदींत 'दयासागर' नांवानें खेडोपाडीं दाखविला गेला. त्यांत विजयचंदर ह्या तेलुगू नटानें प्रभूचें काम केलें. १९७९ सालचा 'जीझस' हा चित्रपट बहुतेक लूकाच्या शुभवर्तमानावरून रचला असून मराठीसह शेंकडों भाषांत बोलता झाला. त्यांत ब्रायन डीकन हा इंग्रज नट आहे. दोन बोलपट आणि दोन चेहरे! आतां चारही शुभवर्तमानें उघडून पाहा. प्रभूची उंची किती, वर्ण कोणता, केस कसे, ह्याविषयीं तेथें एक शब्द नाहीं. रूपांतराच्या डोंगरावर त्याचें मुख तेजस्वी झालें, एवढेंच काय तें सांगितलें आहे. नटावांचून बोलपट होत नाहीं, म्हणून त्यास कोणता तरी चेहरा दाखविणें भाग पडतें. पुस्तकानें ती जागा मोकळी ठेविली आहे. ज्या मुलाच्या पूर्वजांस जातीवरून गांवाच्या वेशीबाहेर राहावें लागलें, तें मूल प्रभु म्हणजे कोणी गोरा साहेब असें धरून प्रार्थना करूं लागलें, तर ती लहान गोष्ट नव्हे. असें मूल वर्गांत आढळल्यास त्यास रागावूं नये. "हें कोठें लिहिलें आहे तें मला काढून दाखव," एवढेंच म्हणावें. तें शोधील, सांपडणार नाहीं, आणि शोधतां शोधतां दहा अध्याय वाचून होतील.

मागी लोकांचेंही तसेंच. नाताळाच्या नाटकांत व बोलपटांत तीन मागी उंटांवर बसून येतात व गोठ्यांत मेंढपाळांच्या शेजारीं उभे राहतात. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायांत तीन हा आंकडा नाहीं, उंट नाहींत, गोठाही नाहीं. ते घरांत गेले असें आहे. देणग्या तीन, म्हणून माणसें तीन ठरलीं. ह्या चुकीनें कोणाचें तारण बुडत नाहीं, आणि म्हणूनच पडताळा घेण्याची संवय लावण्यास हा भाग फार सोयीचा आहे. परंतु २००४ सालच्या 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' ह्या चित्रपटांत वधस्तंभावरील एका चोराच्या डोळ्यास कावळा टोंचतो असें दाखविलें आहे. तें दृश्य पाहिलेलें मूल तें जन्मभर विसरणार नाहीं, आणि चारांपैकीं एकाही शुभवर्तमानांत तें नाहीं. त्या चित्रपटांतील कित्येक गोष्टी एका जर्मन मठवासी स्त्रीच्या दृष्टान्तांच्या पुस्तकावरून घेतल्या आहेत. तें पुस्तक एकोणिसाव्या शतकांत निघालें. मोठ्यांनीं काय करावें तें ते जाणोत. लहान मुलांस हा चित्रपट दाखवूं नये, हें माझें स्पष्ट सांगणें आहे.

आतां लूकाच्या पंधराव्या अध्यायांतील दोन पुत्रांची गोष्ट घ्या. धाकटा परत आला, बापानें धांवत जाऊन त्यास मिठी मारली, घरांत गाणेंबजावणें सुरू झालें. बोलपट करणाऱ्यास येथें थांबणें सोयीचें आहे. पाहणारे डोळे पुसून उठतील. लूक तेथें थांबत नाहीं. थोरला शेतांतून येतो, आंत जावयास तयार होत नाहीं, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि गोष्ट संपते. थोरला शेवटीं आंत गेला कीं नाहीं? तें सांगितलेलेंच नाहीं. पडद्यावर असा माणूस दाराबाहेर उभा ठेवून दिवे लावले, तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील! वाचणाऱ्यास मात्र पुस्तक मिटून त्या दारापाशीं उभें राहावें लागतें. वर्गांत हा प्रश्न विचारावा आणि शिक्षकानें गप्प बसावें. कोणी म्हणेल गेला, कोणी म्हणेल नाहीं गेला. मुलांस भांडूं द्यावें. ज्याच्या घरीं भावाभावांत जमिनीचा तंटा चालला आहे, तें मूल कदाचित् कांहींच बोलणार नाहीं. त्याला बोलतें करण्याचा हट्ट धरूं नये.

शास्त्राबाहेरील पुस्तकांविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. साने गुरुजींनीं 'श्यामची आई' १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली व १९३५ सालीं ती छापून निघाली. १९५३ सालीं आचार्य अत्रे यांनीं तिजवर बोलपट काढला आणि त्यास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. २०२३ सालीं तिजवर आणखी एक चित्रपट निघाला. पुस्तकांत श्याम आपल्या आईच्या आठवणी बेचाळीस रात्रीं सांगतो. तितक्या रात्री कोणत्याही बोलपटांत मावणार नाहींत. चित्रपट पाहून आलेल्या मुलास विचारावें, "बाळा, बेचाळिसांपैकीं किती रात्री पाहिल्यास?" मग कौटुंबिक प्रार्थनेनंतर रोज एक रात्र मोठ्यानें वाचावी. प्रत्येक रात्र थोडक्या पानांची आहे. अडखळणाऱ्यासही ती पेलते, आणि दीड महिन्यांत एक सबंध पुस्तक वाचून झाल्याचा आनंद त्यास मिळतो. ख्रिस्ती घरांत ख्रिस्ती पुस्तकेंच असावीं, असें कित्येक पाळकांस वाटतें. मला तसें वाटत नाहीं. मराठींतील पहिली कादंबरी 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं आपल्याच बाबा पदमनजी यांनीं लिहिली. मराठी पुस्तकांस आपण परकें कां मानावें? १९६७ च्या कायद्याप्रमाणें महाराष्ट्रांतील मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांस सरकारी अनुदान मिळतें. आपल्या किंवा शेजारच्या गांवीं असें ग्रंथालय असेल, तर मुलाचें नांव तेथें नोंदवून यावें.

वाचनाचा इतका आग्रह कां, असें कोणी विचारील. पुष्कळ खेड्यांत मिशनची शाळा आधीं उभी राहिली व प्रार्थनामंदिर मागाहून. कित्येक ठिकाणीं एकच खोली दोन्ही कामांस येई. पंडिता रमाबाईंनीं केलेलें बायबलाचें भाषांतर केडगांवच्या मुक्ति मिशनांतील स्त्रियांनींच खिळे जुळवून छापलें, आणि रमाबाई १९२२ सालीं निवर्तल्यावर १९२४ सालीं तें बाहेर पडलें. त्या आश्रमांत दुष्काळांतून वांचून आलेल्या कितीतरी मुली अशा होत्या कीं, येण्यापूर्वीं त्यांनीं अक्षर पाहिलें नव्हतें. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला सातबारा दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो, कर्जाच्या कागदावर दुसऱ्याच्या सांगण्यावरून अंगठा द्यावा लागतो. आणि आतां त्यांत नवीन भर पडली आहे. मोबाईलवर एखादा उपदेशक दिसतो. त्याचा वेष सुंदर, वाद्यें मधुर. शास्त्रांत असें असें आहे म्हणून तो सांगतो, रोग बरा होईल म्हणतो, आणि खालीं पैसे पाठविण्याची खूण येते. मंडळींतील विधवा मजुरीचे पैसे पाठवून देते. तिच्या घरांत बिरुयाच्या वळणाचा एखादा नातू असता, तर त्यानें विचारलें असतें, "आजी, थांब. हें कोणत्या अध्यायांत आहे?" असा नातू तयार करणें हें शब्बाथ शाळेचें काम आहे.

ह्यासाठीं मोठा खटाटोप नको. ज्या घरीं बोलपट पाहिला जाईल, त्या घरीं त्याच रात्रीं किंवा दुसऱ्या सकाळीं पाव तास वाचन व्हावें. बोलपट प्रभूच्या चरित्राचा असेल तर तोच भाग शुभवर्तमानांतून, दुसरा असेल तर जें पुस्तक हातीं असेल तें. आईबापांस वाचतां येत नसेल तर त्यांनीं ऐकावें व प्रश्न विचारावा. कूशी षंढ रथांत बसून यशया वाचीत होता, तेव्हां फिलिप्पानें आधीं उपदेश केला नाहीं, समजतें काय म्हणून विचारलें (प्रे. कृ. ८:३०). विचारणारें कोणी असलें म्हणजे वाचणाऱ्यास हुरूप येतो. रात्रीं दमून आलेल्या मजुरास पाव तासही जड जातो, हें मी जाणून आहें. त्यानें आठवड्यांतून दोन दिवस ठरवावे, पण ते मोडूं नयेत.

मंडळींत पुस्तक एकच असेल तर तें पेटींत कुलूप लावून ठेवूं नये. बिरुयासही घरोघर प्रती नव्हत्या. आठवड्याच्या पाळीनें तें घरोघर फिरवावें, फाटल्यास चिकटवावें, आणि कोणत्या घरीं काय वाचलें तें सुवार्तिकानें रविवारीं विचारावें. येत्या रविवारीं लूकाच्या पंधराव्या अध्यायापासून आरंभ करावा. एकेका मुलास दोन-दोन वचनें वांटून द्यावीं. जें मूल सर्वांत अधिक अडखळतें, त्यास पहिलीं दोन वचनें द्यावीं, व कोणतीं तें शनिवारीं संध्याकाळींच त्याच्या घरीं जाऊन सांगून यावें, म्हणजे रात्रीं त्यास तीं वाचून पाहतां येतील.